रतनगड ते हरिश्चंद्रगड: एकटी आणि हलकी

प्रश्न: ताई, मी ठाण्यात राहते, वय २९. कॉलेजपासून ग्रुपबरोबर सह्याद्रीत फिरतेय. रतनगड आणि हरिश्चंद्रगड दोन्ही पाहून झालेत, पण वेगवेगळे. येत्या जानेवारीत रतनवाडीहून निघून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगड गाठायचा आणि खिरेश्वरला उतरायचं, तेही एकटीने, असं ठरवतेय. शनिवार-रविवार, एक मुक्काम. अल्ट्रालाइट, म्हणजे कमीत कमी वजन घेऊन चालायच्या पद्धतीबद्दल खूप वाचलं आणि सॅकचं मूळ वजन ४.२ किलोवर आणलं. त्यासाठी स्लीपिंग बॅग काढून पातळ लायनर (झोपायची कापडी पिशवी) घेतला, टॉर्चऐवजी मोबाइलवर भागवायचं ठरवलं, औषधं चार गोळ्यांवर आणली. टार्प (तंबूऐवजी ताणायचं कापड), छोटा गॅस स्टोव्ह आणि कॅमेरा घेतेय. शूज हलके, रनिंगचे. अमेरिकेतला मावसभाऊ डिसेंबरमध्ये येतोय, तो सॅटेलाइट मेसेंजर (नेटवर्क नसतानाही उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण) आणून देतो म्हणाला. आईचा मात्र ठाम नकार आहे. "एकटीनं जाऊन कुणाला काय दाखवायचंय?" असं तिचं म्हणणं. मी जावं का? आणि यादी बरोबर आहे का?

उत्तर: जा. जानेवारी चांगला, भाग चांगला, आणि एवढी वर्षं डोंगरात काढल्यावर एकटं चालावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण पत्रात लिहिलास त्या बेताने जाऊ नकोस. तुझी यादी वाचताना मला जाणवलं की तू सॅक आधी भरलीस आणि वाट नंतर आखलीस. ते उलट करू. पाणी कुठे आहे, गाव कुठे आहे आणि अंधार पडायच्या आत कुठे पोहोचायचं आहे, एवढं कागदावर मांडलं की सॅकमधलं निम्मं सामान आपोआप ठरतं. आणि ते तुझ्या आजच्या यादीपेक्षा वेगळं निघतं.

आधी त्या किलोंच्या आकड्याबद्दल. अल्ट्रालाइट म्हणजे दहा पौंडांच्या आत, म्हणजे साधारण ४.५ किलो, हा हिशोब अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या वाटांवर रूढ झाला. त्यात अन्न, पाणी आणि इंधन धरत नाहीत. तिकडे अनेक दिवस वस्ती लागत नाही, थंडी-पावसाचा भरवसा नसतो, त्यामुळे निवारा, अंथरूण आणि सॅक या तीन गोष्टींवर सगळी कसरत चालते. आपल्याकडे हिवाळ्यात पाऊस जवळजवळ नसतो आणि एका दिवसाच्या चालीत गाव लागतं. इथे पाठीवर सगळ्यांत जड असतं ते पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, त्याला कुठलंही महागडं कापड उपाय नाही. तू लायनर घेऊन सात-आठशे ग्रॅम वाचवलेस, पण पाणी किती न्यायचं आणि कुठे भरायचं याबद्दल पत्रात एक ओळ नाही.

या पद्धतीबद्दल वाचताना एमा गेटवूड या बाईंचं नाव तुझ्या नजरेखालून गेलं असेल. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्या अपलाचियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरहून लांब वाट एकट्या चालून गेल्या. खांद्यावर घरी शिवलेली एक पिशवी, पायात कापडी बूट, पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. एवढा भाग सगळे सांगतात. मला त्यातल्या दोन गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात. एक म्हणजे त्या वाटेवरच्या लोकांच्या दारात जाऊन जेवण आणि झोपायला जागा मागत. त्यांची पिशवी हलकी होती त्याला हे मोठं कारण होतं. दुसरी म्हणजे आदल्या वर्षी, १९५४ मध्ये, त्या उत्तरेच्या टोकाकडून निघाल्या होत्या, तेव्हा वाट चुकल्या, चष्मा फुटला, आणि वनरक्षकांनी शोधून त्यांना घरी पाठवलं. त्या परतल्या आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या टोकाकडून नव्याने निघाल्या.

तुझ्या वाटेवर दारं आहेत. रतनवाडी, कुमशेत, पेठेची वाडी, पाचनई. शिवाय हरिश्चंद्रगडावर देवळाजवळ झोपड्यांमधून पिठलं-भाकरी मिळते. तुझा बेत या गावांभोवती आख.

आता वाट. दोन दिवस आणि एक मुक्काम हा बेत ताकदीच्या ग्रुपला जमतो, कारण ग्रुपमध्ये कुणीतरी पुढे जाऊन वाट बघून येतो, कुणाचा पाय मुरगळला तर दुसरा सॅक उचलतो. एकटीकडे ते काहीच नसतं. त्याची भरपाई करायची ती वेळ वाढवून. म्हणून तुला तीन मुक्काम सांगते. शुक्रवार आणि सोमवारची रजा टाक, किंवा त्याहून बरं, आठवड्याच्या मधले दिवस घे.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर ठाणे सोड. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे घोटी-शेंडीमार्गे रतनवाडी. शेंडीच्या पुढे वाहन मिळण्याचा भरवसा धरू नकोस, आदल्या दिवशी फोन करून ठरवून ठेव. दुपारच्या आत पोहोचलीस तर रतनगड त्याच दिवशी होईल, उशीर झाला तर अमृतेश्वराचं देऊळ निवांत बघ आणि गड दुसऱ्या दिवशी पहाटे कर, मग पुढचं सगळं एक दिवस पुढे जाईल. मुक्काम रतनवाडीतच. गडावर झोपायचा मोह होईल, गुहा आहे, पाण्याची टाकी आहेत, नेढ्यातून (कातळातल्या आरपार भोकातून) दिसणारा सूर्यास्त मलाही आवडतो. पण हिशोब बघ. कात्राबाईकडे जाणारी वाट गडावर जाऊन पुढे निघत नाही, ती खालच्या जंगलातच गडाच्या वाटेपासून फुटते. म्हणजे मोठी सॅक शिड्यांवरून वर चढवायची, रात्र काढायची आणि तीच सॅक पुन्हा त्याच शिड्यांवरून खाली आणायची. गावात सॅक ठेवून पाण्याची बाटली, खाऊ, टॉर्च आणि वाऱ्याचं जॅकेट एवढंच घेऊन गड बघून ये. तुझ्या सगळ्या बेतातला हा खरा अल्ट्रालाइट दिवस. आणि उतरताना तो फाटा उजेडात डोळ्यांखालून घाल, पुढच्या चालीसाठी तेवढं फार उपयोगी पडतं.

गड झाल्यानंतरचा दिवस कात्राबाईचा, आणि सगळी काळजी इथे आहे. रतनगडाच्या पायथ्याचं जंगल दाट आहे. ढोरवाटा मुख्य वाटेइतक्याच मळलेल्या दिसतात, कारवीच्या झुडपांत शिरलं की चार पावलांपलीकडचं दिसत नाही, आणि झाडीमुळे मोबाइलवरचा ठिपका कधी कधी भलतीकडे दाखवतो. दोन टोकं तुझ्या ओळखीची आहेत, मधला दुवा नाही. एकटीने अनोळखी जंगलवाट पहिल्यांदा करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. रतनवाडीतून वाटाड्या घे, खिंडीपर्यंत. पैसे आदल्या रात्रीच ठरव, आणि त्याला परत एकट्यानं यायचं आहे याची जाण ठेवून ठरव. खिंडीत त्याचा निरोप घे, पुढे कुमशेतपर्यंतची उतरण तुझी एकटीची.

"मग ते सोलो कसलं?" असं तुझ्या मनात येईल. चार दिवसांतले चार-पाच तास कुणीतरी सोबत असल्याने तुझं एकटेपण कमी होत नाही. उलट त्या माणसाला दोन टेकाडांमधली प्रत्येक घळ नावाने माहीत असते, त्याच्याकडून ऐकत चाललीस तर पुढच्या वेळी ती वाट तुझी झालेली असेल. आणि अगदी पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत एकटंच राहायचं असेल, तर कात्राबाई या वर्षी सोड. पाचनईहून हरिश्चंद्रगड आणि खिरेश्वरला उतार, एक मुक्काम. दोन्ही वाटा ठळक आणि राबत्या आहेत. तोही उत्तम पहिला सोलो आहे, त्यात कमीपणा मानू नकोस.

कात्राबाईच्या दिवसाला विश्रांतीसकट आठ तास धर. उजाडताच निघ. दुपारी एकपर्यंत खिंडीत नसलीस तर वाटाड्याबरोबर मागे फिर. ही वेळ घरी बसून ठरवायची आणि डोंगरात बदलायची नाही, कारण तिथे दमलेलं डोकं "अजून अर्धा तास" असंच म्हणत राहतं. जानेवारीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगराच्या आडोशाच्या बाजूला त्याआधीच अंधारून येतं.

मुक्काम कुमशेतला. पुढच्या दिवशी पेठेच्या वाडीवरून पाचनई आणि दुपारनंतर गड. पाचनईची वाट हरिश्चंद्रगडावरच्या वाटांमधली सगळ्यांत सोपी, कड्याच्या पोटातून आडवी जाणारी, सावलीची. ती तुला माहीत असेलच. मुक्काम गडावर, चौथ्या दिवशी खिरेश्वर.

आता पाणी. तीन लिटर मावेल एवढ्या बाटल्या घे. जड स्टीलची नको, पाण्याच्या साध्या प्लास्टिकच्या एक-एक लिटरच्या तीन बाटल्या, रिकाम्या असताना वजन नगण्य. रतनवाडीहून कुमशेतला निघताना तिन्ही भरलेल्या असायला हव्यात. जंगलातल्या ओढ्यांत जानेवारीत कुठे डबकं सापडेलही, पण त्या भरवशावर निघू नकोस. वाटाड्याला आदल्या रात्री विचार, त्याला त्या आठवड्यातलं खरं ठाऊक असतं. इतर दिवशी दोन लिटर पुरे, कारण मध्ये गावं आहेत. गावातलं असो, टाक्यातलं असो, फडक्यातून गाळून क्लोरीनची गोळी टाक आणि पाकिटावर लिहिलेला वेळ जाऊ दे. गाळणीयंत्र आणायची गरज नाही.

इतकं झाल्यावर सॅक उघड.

टार्प काढ. तिन्ही रात्री डोक्यावर छप्पर किंवा गुहा आहे. गडावर कोकणकड्यापाशी उघड्यावर झोपायची इच्छा असेल तर दव पडतं आणि वारा भणाणतो, शिवाय तंबू कुठे लावू देतात, याचे नियम बदलत असतात. हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वनखात्याच्या नाक्यावर विचारून घे.

स्टोव्ह आणि भांडंही काढ. गॅसचा डबा घेऊन लोकलमध्ये बसणं नियमात बसत नाही, अभयारण्यात जानेवारीचं वाळलेलं गवत एका ठिणगीची वाट बघत असतं, आणि तुला दोन वेळचं गरम जेवण गावात मिळणार आहे. चुलीवरची भाकरी सोडून पाकिटातले नूडल्स शिजवायला पाऊण किलो सामान कशाला वाहायचं? वाटेवरचं खाणं न शिजवायचं ठेव. घरून दशम्या किंवा धपाटे, ते दोन दिवस छान टिकतात. गूळ-शेंगदाणे, खजूर, भडंग, आणि सातूचं पीठ. सातूचं पीठ आणि गूळ पाण्यात कालवलं की पाच मिनिटांत पोट भरतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं आणि ट्रेकर मंडळी विसरली. दिवसाला वाटेवरचं तीनशे ते चारशे ग्रॅम धर. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, भुकेची भीती बाळगू नकोस. वानरं आणि माकडं मात्र सॅकच्या बाहेर लटकणारी पिशवी बरोबर ओळखतात, खाऊ आत ठेव. शिड्यांवरसुद्धा बाहेर काही लटकलेलं नको.

स्लीपिंग बॅग परत घे. याबाबतीत मी अजिबात मागे हटणार नाही. हरिश्चंद्रगडावर जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली सहज उतरतो, वाऱ्यात तो त्याहून कमी जाणवतो, आणि पातळ लायनरमध्ये तू रात्रभर कुडकुडत बसशील. गावात गोधडी मिळेल, ती माणसं आपल्या अंगावरची काढून देतील, पण म्हणूनच त्या भरवशावर जायचं नाही. शिवाय बॅग फक्त मुक्कामासाठी नसते. पाय मुरगळला आणि रात्र वाटेतच काढायची वेळ आली तर ती बॅग आणि ते स्वेटर एवढंच तुझ्याकडे असेल. पाच अंशांपर्यंत चालणारी, किलोभराची बॅग पुरे. खाली फोमची मॅट, ती हलकी असते आणि काट्याने फुटत नाही.

टॉर्चही परत घे, डोक्याला लावायचा. मोबाइलचा उजेड दहा पावलांपर्यंत जातो, एक हात अडकतो, आणि ज्या बॅटरीवर तुझा नकाशा आणि फोन अवलंबून आहे तीच तो खातो. गुहेत, ओट्यावर, झाडीत जाताना रात्री प्रत्येक पाऊल उजेडात पडलं पाहिजे. फुरसं आणि घोणस दगडाच्या आणि पाचोळ्याच्या रंगात मिसळून जातात. कपारीत न बघता हात घालू नकोस, सकाळी शूज झटकून घाल. दंश झालाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. तो भाग न हलवता माणसांपर्यंत पोहोचायचं किंवा माणसांना बोलवायचं, आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात जायचं. या पट्ट्यात ते कुठे आहे, हे निघण्याआधी फोन करून विचार आणि कागदावर लिहून ठेव.

औषधांची पिशवी चार गोळ्यांवर आणलीस हे मला सर्वांत खटकलं. क्रेप बँडेज, ओआरएसची चार पाकिटं, चिकटपट्टी आणि जाळीचं कापड, जंतुनाशक मलम, ताप-अंगदुखीच्या आणि जुलाबाच्या गोळ्या, मधमाशांच्या डंखासाठी डॉक्टरांना विचारून ॲलर्जीचं औषध, आणि तुझी स्वतःची काही चालू असतील ती. एक शिट्टी. एक चंदेरी आपत्कालीन ब्लँकेट, हातरुमालाएवढी घडी होते. सगळं मिळून पाव किलोसुद्धा भरत नाही. मधमाशांवरून आठवलं. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ काही लावू नकोस, आणि जवळ कुणी शेकोटी पेटवून धूर करत असेल तर तिथून लगेच लांब हो.

कॅमेरा ने. तू फोटोंसाठीच डोंगरात जातेस असं पत्राच्या सुरावरून वाटलं, आणि आनंदाचं सामान काढून यादीचा आकडा सुंदर करण्यात अर्थ नाही. एक लेन्स मात्र पुरे.

बेरीज करू. चाळीस लिटरची हलकी सॅक एक किलो, स्लीपिंग बॅग एक किलो, मॅट ३५० ग्रॅम, फ्लीसचं स्वेटर आणि वाऱ्याचं जॅकेट मिळून ६००, एक जोड कपडे आणि दोन जोड मोजे ४००, टॉर्च-पॉवर बँक-वायरी ५००, औषधं २००, बाकी दात घासण्यापासून सुईदोऱ्यापर्यंत ३००. झाले ४,३५० ग्रॅम. म्हणजे स्लीपिंग बॅग, टॉर्च आणि औषधं सगळं आत घेऊनही तू तुझ्या आकड्याच्या आसपासच आहेस. कॅमेऱ्याने तो पाच किलोंवर गेला तर जाऊ दे. दहा पौंड ही कुणीतरी सोयीसाठी आखलेली रेघ आहे, सह्याद्रीला तिचं काही घेणं-देणं नाही.

शूजचं थोडक्यात. सॅक हलकी असेल तर हलके शूज चालतात, पण तळवा बघ. कोरड्या घसाऱ्यावर खोल खाचांचा तळवा लागतो, रस्त्यावर पळायच्या शूजचा गुळगुळीत तळवा गोट्यांसारख्या बारीक खडीवरून सरळ निसटतो. नवे घेतलेस तर आधी एखादी दिवसभराची चढाई त्यांतून कर. आणि पूर्ण भरलेली सॅक पाठीवर घेऊन, पाण्यासकट, एकदा तरी जवळचा डोंगर चढून ये. तुला तिथे येऊरचं जंगल जवळ आहे, माहुली आहे. मात्र तिथेही प्रवेशाच्या वेळा पाळ.

सॅटेलाइट मेसेंजरबद्दल भावाला आजच कळव, आणू नकोस म्हणून. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसं संदेश पाठवणारं उपकरण भारतात आणणं आणि वापरणं कायद्याने चालत नाही. अशी उपकरणं घेऊन आलेल्या परदेशी ट्रेकरना विमानतळावर अडवल्याच्या बातम्या आल्या आहेत. सुट्टीवर आलेल्या मुलाला त्यात अडकवू नकोस.

त्याऐवजी एक कागद कर. हा सगळ्यांत हलका आणि सगळ्यांत कामाचा. त्यावर तारखांसह रोजची वाट, रोजचा मुक्काम, ज्या घरी उतरणार त्यांचे फोन, वाटाड्याचा फोन, सॅकचा आणि जॅकेटचा रंग. एक प्रत आईकडे, एक अशा मैत्रिणीकडे जिला हा भाग माहीत आहे. कात्राबाईच्या जंगलात नेटवर्क नाही असंच धरून चाल, कुमशेतलाही मिळेलच असं नाही. म्हणून आईशी आधीच ठरव की त्या दिवशी फोन आला नाही तर घाबरायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत फोन नाही आला, तर मैत्रिणीने पाचनईला फोन करायचा, मग कुमशेतला, मग रतनवाडीतल्या वाटाड्याला. तिघांकडूनही पत्ता लागला नाही तर ११२, आणि त्याच वेळी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन. सह्याद्रीतल्या बचाव पथकांना जोडणारी ही व्यवस्था आहे, तिचा नंबर आत्ताच शोधून कागदावर लिही. एकदा कागद दिलास की वाट बदलायची नाही. मध्येच "शेजारच्या आजोबा नावाच्या डोंगरावरही जाऊन येऊ" असं वाटलं, तर ते पुढच्या वेळी.

फोन दिवसभर विमान मोडवर, नकाशा आणि वाटेची जीपीएक्स फाइल (नकाशावर वाट दाखवणारी) आधीच उतरवून ठेवलेली. वाट चुकल्याचं लक्षात आलं तर खाली ओढ्याच्या दिशेने उतरत सुटू नकोस, तिकडे कडे लागतात. जिथे शेवटची खात्री होती तिथपर्यंत मागे जा. तेही जमलं नाही तर एका जागी बस, शिट्टी वाजव, अंगावर सगळं चढव. तू कुठल्या दिवशी कुठे असणार हे लोकांना माहीत आहे, ते येतील.

आता गावातलं राहणं, कारण आईची खरी भीती तिथे असावी. "कुणाला काय दाखवायचंय" हे रागाने म्हटलेलं असलं तरी त्याच्या खाली "तुला काही झालं तर मला कळणार कसं" हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तो कागद आहे. तिला समोर बसवून वाचून दाखव. शक्य असेल तर कुमशेतच्या त्या घरातल्या बाईंशी तिचं फोनवर बोलणं करून दे. दोन आया एकमेकींशी पाच मिनिटं बोलल्या की जे होतं, ते तू महिनाभर वाद घालून होणार नाही.

जिथे घरात बायका-मुलं आहेत तिथेच उतर, आणि उजेडातच पोहोच. ओळख नसेल तर आधी ज्यांच्याबरोबर फिरलीस त्या ग्रुपकडून घर विचार. जानेवारीत भाताची झोडणी उरकलेली असते आणि बऱ्याच घरांतली माणसं मजुरीला नारायणगावच्या बाजूला गेलेली असतात, म्हणून आधी फोन करून निघ. ही महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावं आहेत. तिथे भाकरी मागितली तर मिळेल, पण घरात किती पीठ आहे हे आपल्याला माहीत नसतं. पैसे न विचारता आणि हात आखडता न घेता दे. पाळी यायची शक्यता असेल तर वापरलेलं सगळं घट्ट पिशवीत परत आण, प्लास्टिकचा कागद न् कागदही परत आण. चहा घेताना तुला विचारतील, "एकटीच? घरचं कुणी नाही?" त्यात टोमणा नसतो. खरं सांग, आणि उद्या कुठे जाणार तेही सांग. तुझी खबर ठेवणारं आणखी एक घर होतं.

गडावरही तसंच. शनिवार-रविवारी हरिश्चंद्रगडावर फार गर्दी होते आणि सगळेच गट शुद्धीवर असतात असं नाही. म्हणून मधल्या वारांचा आग्रह धरला. ज्या झोपडीत जेवशील त्यांच्या शेजारीच अंथरूण टाक. संध्याकाळी कोकणकड्यावर जरूर जा, पण कड्याच्या ओठाशी उभी राहून फोटो काढू नकोस. एकटी असताना तर कडा दिसला की पोटावर झोपूनच पुढे सरक, नाहीतर चार हात लांब बस.

शेवटच्या दिवशी सकाळी आठपर्यंत गड सोड. तोलार खिंडीपर्यंतचं पठार चढ-उताराचं आहे, त्यात दमछाक होते, आणि खिंडीच्या वरचा कातळटप्पा रेलिंग असला तरी थकलेल्या गुडघ्यांनी उतरायचा असतो. तिथे घाई नको, बस चुकली तर दुसरी मिळेल. खिरेश्वरला जेवून घे, पुढे धरणाच्या कडेने खुबी फाटा पाचेक किलोमीटर आहे. माळशेज घाटातून कल्याणकडे जाणाऱ्या एसटी तिथे थांबतात. फाट्यावर पोहोचलीस की आधी घरी फोन कर, मग चहा.